टाकीवरचे यंत्र आणि झोपेचा हिशेब





आपल्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पुस्तकात ती टाकी, आणि इंदुरात सगळ्यांच्या तोंडी टंकी. तिच्यात चढणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर दूरच्या जलूदहून पंपांनी वर चढवून शहरात आणलेले असते. असे पाणी गच्चीवरून वाहून गटारात गेले की वाईट वाटते. म्हणून गेल्या सत्रात नववीच्या तीन विद्यार्थ्यांनी टाकीतील पाण्याची पातळी मोजून ती ऑफिसातील छोट्या पडद्यावर बिनतारी कळवणारे यंत्र तयार केले. पाण्यावर तरंगणारा एक गोळा, त्याला जोडलेली दांडी, दांडीने फिरणारे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे एक बटण, एक लहान सर्किट आणि चार पेन्सिल सेल. एवढेच सामान.

शुक्रवारी संध्याकाळी यंत्र बसवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तर पडदा कोरा, सेल संपलेले आणि टाकी भरून वाहत असलेली. मुलांचे चेहरे पाहवत नव्हते.

यानंतरची चूक माझी आहे. मला वाटले, स्वस्त सामानामुळे असे झाले असेल. म्हणून मी जास्त बारीक मोजणारा, १६ बिटांचा महाग भाग मागवण्यास मंजुरी दिली. तो बसवला आणि सेल पुन्हा दोन दिवसांत संपले. विश्वस्तांच्या बैठकीत साहजिकच विचारणा झाली आणि मी प्रयोगवहीत स्वतःच्या हाताने ‘प्रयोग अयशस्वी’ असे लिहिले. ही नोंद घाईची होती. ती का घाईची होती, हे समजावून सांगण्यासाठी आजचा लेख. यातील बरेचसे मी स्वतः या काही महिन्यांत मुलांबरोबर बसून शिकलो आहे.

उतार आणि पायऱ्या

निसर्गातील गोष्टी सलग बदलतात. टाकीतील पाणी हळूहळू चढते, दुपारचे ऊन हळूहळू तापते. अशा सलग बदलणाऱ्या विजेच्या दाबाला आपण ॲनालॉग संकेत म्हणतो. संगणकाला मात्र आकडे लागतात. मंदिराच्या टेकडीवर एका बाजूने उतार असावा आणि दुसऱ्या बाजूने पायऱ्या, तसा हा फरक आहे. उतारावर उभा असलेला माणूस कोणत्या पायरीच्या उंचीवर आहे, हे सांगणारा जो भाग, त्याला ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक म्हणतात. आपल्या हातातील मोबाइल, तापमापक, रक्तदाब मोजणारे यंत्र, या सर्वांत तो असतो.

पायऱ्या किती, हे बिटांवरून ठरते. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १० बिट म्हणजे १,०२४ आणि १६ बिट म्हणजे ६५,५३६. आपली टाकी २ मीटर खोल आहे असे धरा. ८ बिटांत एक पायरी सुमारे ८ मिलिमीटरची होते, १० बिटांत सुमारे २ मिलिमीटरची आणि १६ बिटांत ०.०३ मिलिमीटरची. आता विचार करा, पंप चालू असताना पाण्यावर जे तरंग उठतात तेच बोटभर उंचीचे असतात. तेथे ०.०३ मिलिमीटर मोजून काय हाती लागणार? महागड्या भागातून येणारे शेवटचे आकडे सारखे नाचत होते. आम्हाला वाटले, भागच खराब निघाला. भाग चांगला होता. तो इमानदारीने तरंग मोजत होता.

शेर, पावशेर, छटाक

हा परिवर्तक आकडा शोधतो कसा? याची रीत आपल्या आजी-आजोबांनी किराण्याच्या दुकानात पाहिलेली आहे.

दशमान पद्धती येण्याआधी आपल्याकडे शेर चालत असे. एका शेराचे सोळा छटाक. शेराच्या निम्मे म्हणजे अच्छेर, आठ छटाकांचे. त्याच्या निम्मे पावशेर, चार छटाकांचे. त्याच्या निम्मे नवटाक, दोन छटाकांचे. आणि शेवटी छटाक. प्रत्येक वजन आधीच्या निम्मे. रुपयाचे सोळा आणे, त्यात आठ आणे, चार आणे, दोन आणे आणि एक आणा, तोही हिशेब असाच होता. १९५७ साली नवे पैसे आले आणि तो मोडला.

समजा, पारड्यात गुळाचा खडा आहे आणि तो किती छटाकांचा आहे ते शोधायचे आहे. दुसऱ्या पारड्यात प्रथम अच्छेर ठेवा. गूळ जड आहे, म्हणून अच्छेर राहू द्या. आता पावशेर घाला. एकूण बारा छटाक झाले आणि गुळाचे पारडे वर गेले, म्हणून पावशेर काढा. नवटाक घाला. दहा छटाक झाले, गूळ अजून जड, म्हणून राहू द्या. शेवटी छटाक घाला. पारडी समान झाली. गूळ अकरा छटाक. ठेवलेल्या वजनाला १ आणि काढलेल्या वजनाला ० म्हटले, तर उत्तर १०११ असे येते. हाच चार बिटांचा डिजिटल आकडा!

एक एक छटाक वाढवत गेलो असतो तर अकरा वेळा पारडे पाहावे लागले असते. येथे चारच वेळा पाहिले. १० बिटांत हा फरक फार मोठा होतो. १,०२३ तुलनांच्या जागी केवळ १० तुलना. कमीत कमी वेळा तोलून वजन शोधण्याचे हे कोडे जुने आहे. इटलीचा गणिती तार्तालिया याने ते १५५६ साली मांडले होते. आजच्या कमी विजेच्या बहुतेक संवेदकांत हीच रीत वापरली जाते. तिला क्रमिक सन्निकटन म्हणतात. आपल्या मुलांनी प्रथम वापरलेल्या साध्या चिपमध्येही असाच १० बिटांचा परिवर्तक होता.

दुसऱ्या रीतीही आहेत. एकीत प्रत्येक पायरीसाठी स्वतंत्र तराजू ठेवतात. उत्तर एका क्षणात मिळते, परंतु ८ बिटांसाठी २५५ तराजू एकदम चालवावे लागतात आणि त्या मानाने वीज खर्च होते. दुसरीत एकच सोपी तुलना अतिशय वेगाने असंख्य वेळा करून सरासरी काढतात. ती फार अचूक असते, म्हणून दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यात आणि ध्वनिमुद्रणात उपयोगी पडते. ज्याचे जेथे काम, त्याला तेथे मान.

पाचशे वॅटपासून दोन मायक्रोवॅटपर्यंत

१९५४ साली अमेरिकेत बर्नार्ड गॉर्डन यांनी याच रीतीचा एक परिवर्तक तयार केला. नाव होते डॅट्रॅक. त्यात काचेच्या निर्वात नळ्या होत्या. वजन १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो. तो ११ बिटांचे माप सेकंदाला ५०,००० वेळा घेत असे आणि त्यासाठी ५०० वॅट वीज खात असे. एका मापामागे एक शतांश जूल.

१९७५ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जेम्स मॅक्रीरी आणि पॉल ग्रे यांनी वजनांच्या जागी धारित्रे वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. (मी विज्ञान हिंदी माध्यमातून शिकलो, त्यामुळे माझ्या तोंडी आधी ‘संधारित्र’ हा शब्द येतो. मराठी पुस्तकांत धारित्र. वस्तू एकच.) धारित्र म्हणजे विद्युत प्रभार साठवणारे भांडे. एकाच्या दुप्पट दुसरे, दुसऱ्याच्या दुप्पट तिसरे, अशी लहान-मोठी भांडी चिपवर कोरायची आणि त्यांच्यातच प्रभार इकडून तिकडे फिरवून तोलायचे. धारित्राचा मोठा गुण असा की भरून ठेवल्यावर ते सतत वीज मागत नाही. खर्च होतो तो भरताना आणि रिकामे करताना.

२००८ साली नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी असा १० बिटांचा परिवर्तक दाखवला की तो सेकंदाला १० लाख मापे घेई आणि त्यासाठी फक्त १.९ मायक्रोवॅट वीज घेई. डॅट्रॅकशी तुलना केली तर एका मापामागची ऊर्जा सुमारे पाचशे कोटी पटींनी कमी झाली. दोन्हींचे बिट नेमके सारखे नाहीत, तरी केवढी मजल मारली याचा अंदाज येतो.

पुढे २०१० साली तैवानमधील राष्ट्रीय चेंग कुंग विद्यापीठाच्या संशोधकांनी एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. आपण गूळ तोलताना पावशेर घातले आणि काढले, ती मेहनत वाया गेली. त्यांच्या रीतीत आधी पारडी पाहायची आणि मगच जे पारडे हलके असेल त्यात पुढचे वजन घालायचे. घातलेले वजन परत काढायचेच नाही. एवढ्याने धारित्रे भरण्या-रिकामी करण्यातील ऊर्जा सरासरीने सुमारे ८१ टक्के कमी झाली. मुलांनो, येथे नवे सामान लागले नाही. काम करण्याचा क्रम बदलला.

वीज नेमकी कुठे जाते?

अभियंते तीन गोष्टींवर नजर ठेवतात.

पहिली, दाब. धारित्र भरण्याची ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब निम्मा केला तर ऊर्जा चौथाई होते. म्हणून कमी विजेच्या चिपा एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही खाली चालवण्याचा प्रयत्न असतो.

दुसरी, बारकाई. प्रत्येक पदार्थातील कण उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून विजेचा बारीक गोंगाट उठतो. आणखी एक बिट खरोखर मिळवायचा तर हा गोंगाट निम्मा करावा लागतो आणि त्यासाठी धारित्र चौपट मोठे लागते. म्हणजे ऊर्जाही चौपट. जेथे हा गोंगाटच आडवा येतो, तेथे १० बिटांवरून १६ बिटांवर जाणे म्हणजे सहा वेळा चौपट, ४,०९६ पट! गरज नसताना बारकाई मागणे म्हणजे वाटीभर पाण्यासाठी टँकर बोलावणे. मी नेमके तेच केले होते.

तिसरी, गळती. नळ बंद केला तरी थेंब थेंब टपकतो, तसा चिपमधील बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह गळतो. सतत काम करणाऱ्या यंत्रात तो जाणवत नाही. परंतु दिवसातील बहुतेक वेळ गप्प बसणाऱ्या संवेदकात शेवटी हीच गळती सेल खाऊन टाकते.

झोपेचा हिशेब

आता आपल्या टाकीकडे परत येऊ. भौतिकशास्त्राच्या सरांनी मुलांकडून मीटर लावून घेतला तेव्हा यंत्र ४५ मिलिअँपिअर प्रवाह सतत घेताना दिसले. चांगल्या पेन्सिल सेलची क्षमता सुमारे २,००० मिलिअँपिअर-तास असते आणि चार सेल एकामागे एक जोडले तरी ती तेवढीच राहते. २,००० भागिले ४५ म्हणजे ४४ तास. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. सेल खराब नव्हते आणि सामान हलकेही नव्हते. यंत्र अहोरात्र जागे होते, एवढाच दोष. एक लाल दिवा कोणी पाहणारे नसतानाही जळत होता आणि पाण्याची पातळी सेकंदाला हजार वेळा मोजली जात होती. पाणी काय सेकंदाला हजार वेळा बदलते?

मग फळ्यावर नवा हिशेब मांडला. दोनच सेल घ्यायचे आणि झोपेत फक्त २ मायक्रोअँपिअर घेणारी साधी चिप वापरायची. मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोअँपिअर. चिप दर मिनिटाला शंभरांश सेकंद जागी होऊन मोजते, तेव्हा ५ मिलिअँपिअर घेते. सरासरी पडते ०.८३ मायक्रोअँपिअर. दर दहा मिनिटांनी दशांश सेकंद निरोप पाठवते, तेव्हा २० मिलिअँपिअर घेते. सरासरी ३.३३. झोपेचे २ धरून बेरीज सुमारे ६.२ मायक्रोअँपिअर. या हिशेबाने २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल ३७ वर्षे पुरतात! प्रत्यक्षात सेल नुसता ठेवला तरी दहा वर्षांच्या आसपास म्हातारा होतो, त्यामुळे यंत्राआधी सेलच थकेल.

या बेरजेत एक गोष्ट लक्षात घ्या. सर्वात कमी खर्च मोजण्याचा आहे, त्याहून जास्त झोपेचा आणि सर्वात जास्त बोलण्याचा. म्हणून शहाणे यंत्र दर वेळी निरोप पाठवत नाही. पातळी बदलली असेल किंवा टाकी भरत आली असेल तरच बोलते.

हिशेब पूर्ण झाला असे वाटत असतानाच त्या तिघांपैकी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, चिप झोपली, पण फिरणारे बटण झोपले का?” आम्ही सगळे गप्प. ते बटण १० किलोओहमचे आहे. ३ व्होल्टवर त्यातून ३०० मायक्रोअँपिअर प्रवाह सतत जातो. त्या एका भागामुळे ३७ वर्षांचे नऊ महिने झाले असते! उपाय सोपा निघाला. बटणाला वीज थेट सेलमधून न देता चिपच्याच एका पायातून द्यायची. मोजण्यापुरती चालू, मग बंद. बटण आणि परिवर्तक दोघांना एकाच ठिकाणचा दाब मिळतो, म्हणून सेल उतरत गेले तरी माप चुकत नाही. आपण फक्त एकाचे दुसऱ्याशी प्रमाण पाहत असतो.

जेथे झोपता येत नाही

पालकांपैकी कोणी विचारतील की झोपवल्यानेच काम होते, तर शास्त्रज्ञ परिवर्तकाची वीज आणखी कमी करण्यासाठी एवढे का झटतात? टाकी झोपू शकते. परंतु छातीत बसवलेल्या पेसमेकरला हृदयाचा प्रत्येक ठोका पाहावा लागतो. तेथे सेल बदलणे म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. पुलाचे हादरे किंवा यंत्राच्या धुऱ्याची थरथर ऐकणाऱ्या संवेदकालाही बराच वेळ कान उघडे ठेवावे लागतात. अशा ठिकाणी प्रत्येक मापात वाचलेली ऊर्जा म्हणजे वाढलेली वर्षे असतात. शिवाय फेकलेला प्रत्येक सेल कचऱ्यातच जातो. संवेदक वाढत जाणार असतील, तर त्यांची भूक आवरणे आपल्याच हिताचे आहे.

माझी विनंती

प्रयोगवहीतील ‘अयशस्वी’ हा शब्द मी लाल शाईने खोडला आहे आणि तेथे ‘अपूर्ण, पुढे चालू’ असे लिहून सही केली आहे. मुलांना चुकीचा शेरा देणारा मुख्याध्यापक चुकला असेल, तर त्याने तो वहीतच दुरुस्त करावा, असे मला वाटते.

विश्वस्त मंडळींना विनंती की या प्रयोगासाठी आता महाग सामान नको. मायक्रोअँपिअर मोजू शकेल असा एक चांगला मीटर प्रयोगशाळेला मिळावा. जे दिसत नाही ते वाचवता येत नाही. पालकांपैकी कोणी इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात असतील, तर त्यांनी एखाद्या शनिवारी तासभर शाळेत यावे, मुले वाट पाहतील. आणि घरात मुलाने जुना रेडिओ उघडला तर लगेच रागावू नये. आधी, “यात सतत जागे काय आहे?” एवढे विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. पहिला, गुळाचा खडा तेरा छटाकांचा असेल तर कोणती वजने पारड्यात राहतील आणि आकडा कोणता येईल? दुसरा, आपल्या यंत्राने निरोप दहाऐवजी वीस मिनिटांनी पाठवला तर सरासरी प्रवाह किती होईल? उत्तरे कागदावर लिहून, हिशेबासकट, माझ्या कार्यालयात आणून द्यावीत. नुसता आकडा चालणार नाही.

आपला,
मुख्याध्यापक